हस्तनिर्मित टेडी स्पर्धा: नियम लिहिले, पण पाळायला लावायचे कसे?

सुईदोरा (धागाकर्ती)

हाताने बनवलेल्या टेडींच्या स्पर्धेसाठी नियमांचा मसुदा करतेय. या स्पर्धांमध्ये वाद बहुतेक त्याच त्याच जागी होतात: उंची, ‘स्वतःचं डिझाइन’, ‘हस्तनिर्मित’ची व्याख्या, परीक्षकांचे गुण आणि नियम मोडला तर पुढे काय. कच्चा मसुदा खाली देतेय. जिथे शिवण कच्ची वाटेल तिथे खुशाल उसवा.

१. लहान गट ५ इंचांपर्यंत (१२.५ सेंमी), मध्यम गट त्यापुढे ३० सेंमीपर्यंत, मोठा गट त्याहून पुढे.
२. टेडी पूर्णपणे हाताने बनवलेला असावा.
३. डिझाइन मूळ असावं.
४. तीन परीक्षक, प्रत्येकी १०० गुण, बेरीज करून क्रमांक.
५. नियमभंग आढळल्यास प्रवेशिका बाद. आयोजकांचा निर्णय अंतिम.

गुण्या

पहिल्याच ओळीत भांडण आहे. ५ इंच म्हणजे १२.७ सेंमी. तुम्ही कंसात १२.५ लिहिलंय. १२.६ सेंमीचा टेडी आला तर इंचाने तो आत आणि सेंमीने बाहेर. एकच एकक ठेवा.

दुसरं, उंची म्हणजे कुठून कुठपर्यंत हेच लिहिलेलं नाही. कान धरून की कान सोडून? उभा की बसलेला? लव दाबून की न दाबता? २५ मिमी लवेचा मोहेर (अंगोरा बकरीच्या केसांचं लवदार कापड) असेल तर नुसत्या डोक्यावरच्या केसांनी सेंमीभर फरक पडतो, आणि लहान गटात सेंमीभर फरक म्हणजे गट बदलला.

मोजायची रीत अशी ठेवावी: सपाट टेबल, त्यावर काटकोनात उभी फळी, फळीवर स्टीलची पट्टी चिकटवलेली. पट्टीचा शून्य टेबलाला टेकलेला हवा. साध्या पट्टीला शून्याच्या आधी ४-५ मिमी मोकळी कड असते, ती कापून टाका नाहीतर सगळेच टेडी तेवढे बुटके भरतील. टेडीची पाठ फळीला, पाय सरळ खाली. मग सुताराचा छोटा गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) फळीला टेकवून वरून खाली सरकवत आणायचा. रुंद पुठ्ठा वापरला तर तो कानांवर अडकतो आणि तुम्ही कानांची उंची मोजता. म्हणून गुण्याचं पातं साधारण १ सेंमी रुंदीचं हवं. ते दोन कानांच्या मधून, लवेतून खाली जाऊन कापडाला टेकतं. टेकलं की थांबायचं, दाबायचं नाही.

दोन जणांनी मिळून तीनदा मोजायचं, दर वेळी टेडी उचलून पुन्हा ठेवायचा. तीन आकड्यांतला मधला धरायचा. सरासरी नको, कारण एकदा पाय वाकडा राहिला तर तो चुकीचा आकडा सरासरीला ओढतो, मधल्या आकड्याला ओढत नाही.

नवशिकी

पण २-३ मिमी इकडेतिकडे झालं म्हणून कोणाला बाहेर काढणं कठोर नाही का? थोडी सूट हवीच. भराव घट्ट भरला की टेडी कटिंगपेक्षा वाढतो, हे सुरुवातीला लक्षात येत नाही.

गुण्या

सूट द्यावी, पण ती मोजमापाच्या चुकीसाठी. एकच टेडी दोन माणसांनी मोजला तर २ मिमीपर्यंत फरक येतोच. तेवढ्यावरून कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून मर्यादा १२.७ आणि सूट २ मिमी. म्हणजे मधला आकडा १२.९ पर्यंत आला तर आत, १३.० आला तर पुढच्या गटात. हे आकडे नियमातच छापा. छापले नाहीत तर टेबलावर बसलेला माणूस ओळखीच्याला ४ मिमी सोडेल आणि अनोळख्याला १ मिमीसाठी अडवेल, आणि त्याने नियम मोडला असं कोणाला म्हणताही येणार नाही.

भरावाचं बरोबर आहे. मोहेरच्या मागचं कापड सुती विणीचं असतं, ते तिरक्या धाग्यावर ताणलं जातं. हातापायांचे तुकडे लवेच्या दिशेत नीट बसवले नसतील तर घट्ट भरल्यावर ते लांबतात. लहान गटासाठी १२.२ धरूनच पॅटर्न काढावा. मर्यादेला चिकटून बनवायचं आणि सुटीवर भिस्त ठेवायची, हे बनवणाऱ्याने करू नये.

बारीकटाका

आता नियम २. ‘पूर्णपणे हाताने’ असं लिहिलंत तर मशीनवर शिवलेला प्रत्येक टेडी बाद होतो. या कलेत ‘हस्तनिर्मित’चा अर्थ एका व्यक्तीने कापून, शिवून, सांधे बसवून, भरून, चेहरा करून पूर्ण केलेला टेडी असा घेतात. शिवण मशीनची की हाताची, हा स्वतंत्र मुद्दा आहे. लहान टेडी बहुतेक हातानेच शिवले जातात, कारण ३-४ मिमी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) असलेले वळणदार तुकडे मशीनखाली फिरतच नाहीत. ४५ सेंमीच्या टेडीला मशीन लावलं म्हणून त्याची कला कमी होत नाही.

त्यामुळे ‘पूर्णपणे’ काढा आणि त्याऐवजी काय विकत आणलेलं चालेल, काय चालणार नाही ते नाव घेऊन लिहा.

चालेल: कापड, काचेचे डोळे, सांध्यांच्या चकत्या, वॉशर, कॉटर पिना (दोन पाय वळवून बसवायच्या पिना) किंवा नटबोल्ट, भराव, वजनासाठी छर्रे, गुरगुराटाचा डबा (टेडी वाकवला की आवाज करणारा), दोरे, रिबीन.

चालणार नाही: कापून आलेलं किट, तयार शिवलेलं डोकं, दुसऱ्याने केलेला चेहरा.

सांगावं लागेल: विकत घेतलेले कपडे, थ्रीडी प्रिंटरवर केलेलं नाक, मशीनच्या भरतकामाने केलेले तळवे, दुसऱ्याने रंगवलेलं कापड.

हा तिसरा गटच महत्त्वाचा. प्रवेशिकेवर ‘बाहेरून घेतलेले भाग’ असा एक रकाना द्या. त्यात प्रामाणिकपणे लिहिलं तर दंड नाही, परीक्षक तेवढ्या भागाला गुण देणार नाहीत, संपलं. लपवलं आणि सापडलं तर दंड. परीक्षकाला नाक पाहून ते प्रिंटरवरचं की हाताने घडवलेलं हे दर वेळी कळेलच असं नाही. टेबलावर जे तपासता येत नाही त्याची लेखी कबुली घ्यायची, हाच उपाय दिसतो.

चकती_वॉशर

+१. मात्र ‘दुसऱ्याने रंगवलेलं कापड’ यादीतून वगळा. बाजारातला जवळपास सगळा मोहेर रंगवलेलाच येतो. तुम्हाला ‘मागणीनुसार हाताने रंगवून घेतलेलं’ म्हणायचं असावं.

बारीकटाका

हो, तेच म्हणायचं होतं.

मोहेरप्रेमी

नियम ३ बद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात कडवट आरोप इथेच होतात.

‘मूळ’ म्हणजे काय? टेडीला दोन कान, मधली पट्टी घातलेलं डोकं, पाच सांधे आणि कुबड असणारच. ती सगळ्यांची मिळकत आहे. १९०२ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या अस्वलाच्या शिकारीवरचं बेरीमन यांचं व्यंगचित्र नोव्हेंबरात छापून आलं, त्यावरून ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम यांच्या दुकानात कापडी अस्वल विक्रीला आलं. त्याच सुमारास जर्मनीत गिंगेनला रिचर्ड श्टाइफ यांनी हातपाय हलणारं ‘५५ पीबी’ नावाचं अस्वल तयार केलं, ते १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडलं गेलं. एकाच काळात दोन ठिकाणी सारखी कल्पना निघाली. नुसतं सारखं दिसतंय म्हणून कोणी चोरी केली असं होत नाही.

दुसऱ्या बाजूला, ‘मी पॅटर्न २०-३० टक्के बदललाय म्हणून तो आता माझा’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. टक्क्यांचा असा कुठलाही हिशोब नाही. विकतच्या पॅटर्नवर पाय लांब केले आणि कान मोठे केले, तरी तो बदललेला विकतचाच पॅटर्न राहतो. त्याच्यासाठी वेगळा गट ठेवा, ‘इतरांच्या पॅटर्नवरून’. त्या गटात कारागिरीला गुण द्या, डिझाइनला देऊ नका. हा गट नसला की लोकांना खोटं लिहिण्यावाचून मार्ग उरत नाही. जुन्या टेडींच्या हुबेहूब प्रतिकृतीही याच गटात येतील.

तपासायचं कसं? टेडीची ओळख डोक्यात असते. हात, कान, तळवे यांचे तुकडे सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. पण डोक्याची बाजू आणि मधली पट्टी यांची रेषा ज्याची त्याची असते. म्हणून संशय आला तर मधल्या पट्टीचा पुठ्ठा (पॅटर्नचा कापलेला साचा) मागवा आणि दोन मापं घ्या: नाकापासून मानेपर्यंत लांबी, आणि कपाळावर सगळ्यात रुंद जागी रुंदी. पॅटर्न झेरॉक्सवर लहानमोठा केला तरी या दोघांचं गुणोत्तर बदलत नाही. १८ सेंमी लांब आणि ६ सेंमी रुंद पट्टी ७० टक्क्यांवर आणली तर १२.६ आणि ४.२ होते. गुणोत्तर ३ चं ३ च. एक काळजी घ्यायची: मापं शिलाईच्या रेषेवर घ्यायची, कापण्याच्या रेषेवर नाही. माया आकाराबरोबर लहानमोठी होत नाही, ती बनवणारा नव्याने ५ मिमी धरतो, आणि मग गुणोत्तर खोटं येतं. गुणोत्तर जुळलं एवढ्यावर निकाल देऊ नका. ते जुळलं तर बाजूच्या तुकड्यावर कपाळापासून नाकापर्यंतचा उतार ठेवून पाहा. दोन्ही जुळले तर बनवणाऱ्याला लेखी खुलासा मागा.

चकती_वॉशर

मापांची रीत पटली. पण पुठ्ठे मागवण्यात मोठा धोका आहे. पॅटर्न ही बनवणाऱ्याची कमाई असते, आणि परीक्षक बहुधा स्वतः टेडी बनवणारेच असतात. त्यांच्या हातात दुसऱ्याचा पॅटर्न जाता कामा नये.

शिवाय फक्त संशय आलेल्यांकडून मागवलं तर ज्याच्याकडे मागितलं तो आपोआप आरोपी ठरतो. मागायचंच असेल तर सगळ्यांकडून मागा. नोंदणीच्या वेळीच. पुठ्ठ्यांचा एकत्र फोटो, शेजारी स्पर्धेने दिलेला सांकेतिक क्रमांक हाताने लिहिलेली चिठ्ठी. हा फोटो एका माणसाकडे राहील जो स्पर्धक नाही, परीक्षकही नाही. हरकत आली तरच उघडायचा. निकालानंतर ३० दिवसांनी पुसून टाकायचा. हे सगळं नियमात लिहा, नाहीतर चांगले बनवणारे प्रवेशिकाच पाठवणार नाहीत.

मोहेरप्रेमी

मान्य. माझ्या प्रतिसादात ही बाजू राहिली होती. अर्धवट टेडीचा एक फोटोही घ्यावा, डोकं भरलेलं पण डोळे-नाक नसलेलं, शेजारी तीच चिठ्ठी. दुसऱ्याचा टेडी आपल्या नावावर पाठवणं त्याने अवघड होतं.

तिसरा_परीक्षक

नियम ४ मध्ये निकाल चुकीचा लागायची सोय आहे, आणि त्यात कोणी लबाडी केलेली नसते. उदाहरण देते. तीन टेडी, तीन परीक्षक:

पहिला परीक्षक: क ९२, ख ७०, ग ७५
दुसरा परीक्षक: क ८०, ख ८४, ग ८२
तिसरा परीक्षक: क ७८, ख ८२, ग ८०

बेरीज: क २५०, ख २३६, ग २३७. म्हणजे क पहिला आणि ख शेवटचा. पण नीट पाहा, दुसऱ्या आणि तिसऱ्या परीक्षकाने ख ला पहिलं आणि क ला शेवटचं ठेवलंय. तिघांपैकी दोघांचं मत वाया गेलं, कारण पहिला परीक्षक गुण देताना २२ चं अंतर ठेवतो आणि बाकीचे दोघे ४ चं. जो हात मोकळा सोडतो त्याचाच निकाल लागतो.

उपाय: प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे क्रमांक काढा आणि क्रमांकांची बेरीज करा. क: १+३+३ = ७. ख: ३+१+१ = ५. ग: २+२+२ = ६. सगळ्यात कमी बेरीज पहिली. ख पहिला, ग दुसरा, क तिसरा. सगळा निकालच फिरला.

गुणपत्रिका तरीही भरायचीच, कारण स्पर्धकाला आपलं कुठे कमी पडलं ते त्यातूनच कळतं. १०० ची विभागणी मी अशी करेन: शिवण आणि सांधे ३०, भराव आणि घाट २०, चेहरा ३०, फिनिशिंग २०. ‘एकूण प्रभाव’ असा रकाना ठेवू नका. परीक्षकाची आवडनिवड तिथेच शिरते आणि तिचा जाब विचारता येत नाही.

बारीकटाका

क्रमांकपद्धतीत एक तोटा आहे. एखादा टेडी खरोखरच बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस असेल तर ते अंतर पुसलं जातं. ९५ विरुद्ध ७० आणि ८१ विरुद्ध ८०, दोन्ही शेवटी १ आणि २ च. तुमच्याच उदाहरणात कदाचित पहिल्या परीक्षकालाच क मधलं काहीतरी दिसलं असेल जे बाकीच्यांनी पाहिलं नाही.

तिसरा_परीक्षक

शक्य आहे. त्यासाठी गुण देण्याआधीच परीक्षकांना एकत्र बसवा. स्पर्धेत नसलेले तीन टेडी घ्या, एक साधारण, एक चांगला, एक उत्तम. तिघांनी स्वतंत्र गुण द्यायचे आणि मग आकडे समोर ठेवून बोलायचं: शिवणीत अडकलेली लव दिसली तर किती कापायचे, डोळे २ मिमी वरखाली असतील तर किती. अर्धा तास लागतो. खऱ्या प्रवेशिकांवर मात्र चर्चा नको, कारण ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे बाकीचे झुकतात.

हे करूनही निकाल मी क्रमांकांवरच लावेन. एका परीक्षकाला दिसलेली गोष्ट खरी असू शकते, तशी त्याची मर्जीही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

नवशिकी

एक शंका. परीक्षकाने ज्याला शिकवलंय त्याचाच टेडी समोर आला तर? त्या एका टेडीपुरतं परीक्षकाने बाजूला व्हावं का?

तिसरा_परीक्षक

एका टेडीपुरतं नाही, त्या पूर्ण गटापुरतं. एका टेडीला दोनच परीक्षक आणि बाकीच्यांना तीन असं झालं की क्रमांकांची बेरीज तुलनेची राहत नाही. त्यामुळे एक राखीव परीक्षक आधीच ठरवून ठेवा. नातं, शिकवणी, एकत्र व्यवसाय, किंवा त्या व्यक्तीचे टेडी परीक्षकाच्या संग्रहात असणं, या चारही गोष्टी परीक्षकाकडून लिहून घ्यायच्या. आपण निःपक्ष राहू याची परीक्षकाला खात्री असली तरी बाजूला व्हायचं. हरणाऱ्याच्या मनात शंका राहणार नाही, हेही स्पर्धेला बघावं लागतं.

काचेचे_डोळे

नाव झाकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बहुतेक टेडींच्या तळव्यावर किंवा पाठीच्या शिवणीत बनवणाऱ्याचं लेबल असतं. ते झाकायला चिकटपट्टी अजिबात वापरू नका. काढताना मोहेरची लव उपटून येते आणि लोकरी फेल्टवर डिंक राहतो. टाचणीही नको, फेल्टवर भोक दिसतं. १ सेंमी रुंदीची सुती नाडी तळव्याभोवती दोन वेढे घालून बांधा. सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी सगळ्यांच्या डाव्या हाताला दोऱ्याने, सारख्याच आकाराची.

आणि ज्या टेडीचे फोटो प्रवेशिका बंद होण्याआधीच सगळीकडे फिरलेत त्याचं लेबल झाकून काय उपयोग? ‘निकालापर्यंत फोटो प्रसिद्ध करू नयेत’ हा नियम हवा, आणि तो सहज तपासताही येतो. ओळखीची शैली मात्र झाकता येत नाही. ठरावीक चेहरे डोळे मिटूनही ओळखू येतात. तेवढं स्वीकारावं लागेल.

पहिली फेरी फोटोंवर घेणार असाल तर उंचीसाठी फोटोतल्या पट्टीवर विसंबू नका. कॅमेरा टेडीपासून ६० सेंमीवर आहे आणि पट्टी टेडीच्या १० सेंमी पुढे ठेवली, तर १५ सेंमीचा टेडी पट्टीवर १२.५ वाचला जातो. कोणी मुद्दाम करेल असं नाही, पोट पुढे आलेला टेडी आणि त्याच्या पायापुढे उभी केलेली पट्टी, एवढ्यानेही फरक पडतो. पट्टी टेडीच्या कानांच्या रेषेत, बाजूला हवी, आणि कॅमेरा टेडीच्या छातीच्या उंचीवर. गट ठरवायचा तो प्रत्यक्ष मोजूनच.

फोटो पाच मागा: समोरून, पाठीमागून, एका बाजूने, चेहरा जवळून, आणि तळवे. फिल्टर लावलेले, पार्श्वभूमी कापलेले नकोत. अंतिम फेरीत आलेल्यांकडून अर्ध्या मिनिटाचा अखंड व्हिडिओ घ्या, पाचही सांधे एकदा फिरवून दाखवलेला.

गुण्या

परीक्षकांनी डोळे ओढून बघावेत का? सैल डोळा म्हणजे मोठा दोष. युरोपातल्या ईएन ७१ मानकात लहान मुलांच्या खेळण्यांचे डोळे ओढून बघतातच, ६ मिमीपेक्षा मोठा भाग असेल तर ९० न्यूटन जोराने, ६ मिमीपर्यंतचा असेल तर ५० न्यूटनने.

चकती_वॉशर

नाही. ती प्रयोगशाळेतली चाचणी आहे, नमुना खराब झाला तरी चालतो असं धरून केलेली. स्पर्धेतला टेडी एकुलता एक असतो. शिवाय तारेच्या कडीचे काचेचे डोळे संग्राहकांसाठी असतात, लहान मुलांच्या हातात ते द्यायचेच नसतात. बोटाने हलकेच बाजूला ढकलून बघा. डोळा कापडाच्या खोबणीत नीट बसलेला असेल तर हलत नाही. डोळा आणि कापड यांत फट दिसली तर आतला दोरा सैल आहे.

हाताळणीचाच मुद्दा पुढे नेतो. पाच सांध्यांना दहा चकत्या, दहा वॉशर, पाच पिना. कॉटर पिनेचे दोन्ही पाय वळवून वॉशरवर घट्ट दाबलेले असतात, तरी प्रत्येक फिरवण्याने भराव चकतीभोवती किंचित बसतो आणि सांधा सैलावतो. तीन परीक्षकांनी प्रत्येक हात दहा-दहा वेळा फिरवला तर शेवटच्या परीक्षकाच्या हातात पहिल्यापेक्षा सैल टेडी येतो. म्हणून प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक सांधा एकदाच फिरवावा. हात आडवा करून सोडायचा, तो तिथेच राहायला हवा. पण स्टीलचे छर्रे भरलेला हात वजनाने खाली येतो, तो दोष नव्हे, तो बनवणाऱ्याने मागितलेला लोंबता घाट आहे. मानेला दोन सांध्यांची रचना असेल तर डोकं डुलणारच. प्रवेशिकेवर ‘भराव’ आणि ‘सांध्याचा प्रकार’ हे रकाने असले की परीक्षक चुकीचा दोष काढणार नाही. परीक्षकांनी टेडी ज्या क्रमाने पाहायचे तो क्रमही तिघांचा वेगवेगळा ठेवा.

आता नियम ५. ‘बाद’ ही एकच शिक्षा ठेवलीत की दोन गोष्टी होतात. एक तर उंचीतल्या ३ मिमीसाठी कोणाची तीन महिन्यांची मेहनत परत पाठवली जाते. नाहीतर, आणि हेच जास्त घडतं, आयोजकांना एवढी कठोर शिक्षा द्यायला जड जातं, ते काणाडोळा करतात, आणि नियम पाळणाऱ्यांवर अन्याय होतो. शिक्षा पायऱ्यांची हवी.

उंची किंवा गट चुकला: गट बदला, गुण कापू नका.
कागदपत्र अपुरं: ४८ तासांत पूर्ण करायची संधी.
बाहेरचे भाग सांगितले नाहीत: गुणपत्रिकेतल्या त्या रकान्याचे गुण शून्य.
दुसऱ्याचा पॅटर्न स्वतःचा म्हणून दिला, किंवा दुसऱ्याने बनवलेला टेडी दिला: बाद.

उंची, लेबल, चिठ्ठी, रकाने हे सगळं टेडी स्वीकारताना, बनवणाऱ्याच्या किंवा त्याने पाठवलेल्या माणसाच्या समोर तपासा आणि मोजलेला आकडा पावतीवर लिहून द्या. एकदा टेडी स्वीकारला की उंचीवर हरकत बंद. परीक्षण झाल्यावर ‘अमक्याचा टेडी मोठा आहे’ म्हणायला कोणाला जागा राहायला नको.

‘आयोजकांचा निर्णय अंतिम’ काढू नका, पण त्याआधी एक पायरी घाला. हरकत लेखी, नियमाचा क्रमांक देऊन, निकालानंतर ४८ तासांच्या आत. नियमाचा क्रमांक देता येत नसेल तर ती हरकत नव्हे, नाराजी आहे. उत्तरही लेखी, कारणासह, सात दिवसांत. ज्याच्यावर हरकत आहे त्याला हरकत पाहायला मिळते, घेणाऱ्याचं नाव नाही. बाद झालेल्याचं नाव जाहीर करायचं नाही, फक्त क्रमवारी सुधारून लावायची आणि खालचे एकेक जागा वर सरकवायचे.

बारीकटाका

घेणाऱ्याचं नाव लपवण्याला माझा विरोध आहे. निनावी हरकतींनी चांगल्या बनवणाऱ्यांना छळता येतं. दर स्पर्धेत एकाच्याच मागे लागायचं, असं होऊ शकतं.

चकती_वॉशर

आयोजकांना नाव माहीत असतंच, त्यामुळे तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा आली तर त्यांना दिसतं. समोरच्याला नाव कळलं तर नवखे लोक नामवंतांविरुद्ध कधीच हरकत घेणार नाहीत. टेडी बनवणाऱ्यांचं जग लहान आहे, उद्या त्याच माणसाकडे शिकायला जायचं असतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

बारीकटाका

मीही. पण लेखी आणि नियमाच्या क्रमांकासह, एवढ्यावर एकमत आहे.

नवशिकी

प्रेक्षकांच्या मतदानाचं काय?

काचेचे_डोळे

वेगळं बक्षीस ठेवा, परीक्षकांच्या निकालात मिसळू नका. प्रत्येक प्रेक्षकाला दारावर एकच बिल्ला द्या, तोच पेटीत टाकायचा. दाराजवळचे आणि डोळ्यांच्या उंचीवरचे टेडी जास्त मतं खातात, म्हणून अर्ध्या वेळेनंतर मांडणी उलटी करा. ऑनलाइन मतदान घेतलंत तर ज्याचे अनुयायी जास्त तो जिंकणार, हे आधीच कबूल करून घ्या.

सुईदोरा (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. मसुदा नव्याने बांधतेय. नियम २ ते ५ वरच्या सूचनांप्रमाणे. हरकत घेणाऱ्याचं नाव समोरच्याला न कळवण्याचं ठरवतेय, बारीकटाका यांचा विरोध लक्षात ठेवून: एकाच व्यक्तीच्या एकाच स्पर्धकाविरुद्ध दोन हरकती फेटाळल्या गेल्या तर तिसरी निनावी घेतली जाणार नाही.

उंचीचा नियम असा लिहिलाय: ‘उंची टेडी सरळ उभा धरून, टाचेपासून दोन कानांच्या मधल्या कापडापर्यंत, लव न दाबता, तीनदा मोजली जाईल. मधला आकडा ग्राह्य. लहान गट १२.७ सेंमीपर्यंत, मोजमापाची सूट २ मिमी.’

मोहेरप्रेमी

‘सरळ उभा’ मध्ये अजून भोक आहे. चार पायांवर चालणाऱ्या घाटाचे टेडी आणि कायम बसलेले, गुडघ्यात वाकवून शिवलेले टेडी उभे राहतच नाहीत. बसलेल्या घाटाचा १२ सेंमीचा टेडी पाय सरळ असते तर १७ चा झाला असता. तो लहान गटात आला तर बाकीच्यांच्या शेजारी धिप्पाड दिसेल.

गुण्या

त्यांच्यासाठी उंचीऐवजी सगळ्यात लांब माप धरा. चार पायांवरच्या टेडीचं नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, टेडी टेबलावर ठेवून दोन गुण्यांच्या मधलं अंतर. बसलेल्याचं डोक्यापासून बुडापर्यंत, अधिक बुडापासून टाचेपर्यंत वाकलेल्या पायाच्या बाहेरच्या शिवणीवरून सुती टेप फिरवून. नियमात एवढं घाला: ‘उभा न राहणाऱ्या घाटाच्या टेडीचं माप प्रकारानुसार वरीलप्रमाणे. घाट कोणता हे बनवणारा प्रवेशिकेवर लिहील, स्वीकारल्यावर बदलता येणार नाही.’ टेप कापडीच घ्या, आणि वापरण्याआधी स्टीलच्या पट्टीला लावून पाहा. जुने टेप ताणून दीड मीटरला ५-६ मिमी वाढलेले असतात.

सुईदोरा (धागाकर्ती)

घातलं. टेपची नोंदही टेबलावरच्या माणसाच्या यादीत टाकली, गुण्या आणि नाडीच्या खाली.